तिच्या नावावर माझं रक्त

स्वतःच्या हातातून स्वतःच रक्त काढायला फार कसब लागत नाही. रबरी पट्टा दंडाला गुंडाळायचा, एक टोक दातात धरून ओढायचं, मूठ आवळायची आणि शीर फुगली की सुई घालायची. नळी आपोआप भरते. पंधरा वर्षं मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते आहे, तेव्हा मला ते जमलं यात नवल नाही. खरं कसब पुढे असतं. भरलेल्या नळीवर दुसरीच्या नावाची चिठ्ठी चिकटवताना हात थरथरू द्यायचा नाही. माझा थरथरला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये.

नाव माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. अंगाने ती कधीच बारीक नव्हती, पण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणून बारकी. तिला अंघोळ घालणं, वेण्या घालणं, शाळेच्या दारात रडली की परत घरी आणणं, हे सगळं मीच केलं. आई तेव्हा बाबांच्या मागे होती. बाबांना साखरेचा आजार होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि मग बाबाच गेले.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईचा खरेपणावर विश्वास होता. जो येईल त्याला ती सांगायची, मुलीच्या वडिलांना साखर होती, पाय कापावा लागला. पहिल्यांनी चिठ्ठी पाठवून नकार कळवला, दुसऱ्यांनी फोन केला, तिसऱ्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. चौथे आलेच नाहीत, कारण तोवर गोष्ट आमच्याआधी पोचायला लागली होती. गंमत अशी, की माझी साखर आजही उत्तम आहे. दरवर्षी तपासते. कुणाला दाखवायला नाही, आपली सवय म्हणून.

साखर निघाली बारकीला. चोविसाव्या वर्षी तिला सारखी तहान लागायला लागली, पाठीवर गळवं उठायला लागली. मीच तिचं रक्त घेतलं, मीच मशीनवर लावलं. उपाशीपोटी दोनशे बारा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते ती नऊ पूर्णांक आठ. सहाच्या आत असायला हवी. मग तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, सकाळचं चालणं सुरू झालं, आणि सहा महिन्यांत आकडा सहा पूर्णांक सहावर आला. म्हणजे गाडी रुळावर होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते आजाराने केलेलं नाही. आजार बिचारा ऐकत होता.

मग तिचं लग्न जमायला आलं. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. बोलायच्या आधी समोरच्याच्या नाकाकडे बघायचा, चष्मा कुठे टेकेल याचा अंदाज घेतल्यासारखा. भला माणूस. त्याची आई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. त्यांना सगळे बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणायला लागलो. बाईंनी देण्याघेण्याचा विषयसुद्धा काढला नाही. त्यांची एकच अट होती. दोघांचीही रक्ततपासणी व्हावी आणि रिपोर्ट एकमेकांना दाखवावेत.

"लपवाछपवी नको," त्या म्हणाल्या. "पत्रिकेपेक्षा हे बरं."

मुलाचे रिपोर्ट त्यांनी आधी पाठवले. फाइलमध्ये, कागदांना क्रमांक घालून. मला ती बाई पहिल्याच भेटीत आवडली. त्यामुळे पुढचं जास्त वाईट वाटतं.

त्या दिवशी संध्याकाळी आई भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या वेळी मी उघडून दाखवली, काय मिळालं?"

मी म्हटलं, "आई, सहा पूर्णांक सहा आहे तिचं. सांगू या. समजूतदार दिसतात ती माणसं."

"समजूतदार तर मागच्या वेळचेही दिसत होते. लॅबमध्ये तू आहेस. तुझ्या हातात आहे, बघ."

मी बधले नसते. रागीट आहे मी, आईचं ऐकायची मला फारशी सवय नाही. पण आत बारकी उशीत तोंड खुपसून पडली होती. मी जवळ बसले तशी म्हणाली, "ताई, माझं तुझ्यासारखं नको गं व्हायला."

हे वाक्य कुणी वैऱ्याने म्हटलं असतं तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. बहिणीने म्हटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी पट्टा दातात धरला.

सगळ्या नळ्या माझ्या नव्हत्या. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि बाकीचं सगळं बारकीच्याच रक्तातून केलं. साखरेच्या दोन नळ्या तेवढ्या माझ्या. खोटेपणातही मी हिशेबी होते, गरजेपुरतंच खोटं. आकडा आला पाच पूर्णांक दोन. आमचे साहेब फोनवर बोलता बोलता सह्या करतात, ते कागद वाचत नाहीत, माझा चेहरा वाचतात. त्यांनी सही केली. बाईंनी तो रिपोर्ट फाइलमध्ये लावला, त्यावर क्रमांक घातला, आणि दीड महिन्यांनी लग्न झालं.

ठरलं होतं असं, की बारकीने गोळ्या चालू ठेवायच्या आणि दोनतीन महिन्यांत, जरा रुळली की नवऱ्याला सांगायचं. गोळ्या आम्ही व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरून दिल्या होत्या. आमच्या हुशारीचा कळस तो. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी बाटली बघितली.

"कसल्या गोळ्या गं?"

"व्हिटॅमिनच्या."

"मग मलाही देत जा एक. हल्ली लवकर थकायला होतं."

आता काय करणार? बारकीने दिली एक. त्या रात्रभर तिला झोप नाही, सासूबाई चक्कर येऊन पडतात की काय म्हणून. बाईंना काही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय हं, आजही दे." बारकीने बाटली संडासात रिकामी केली आणि संपल्या म्हणून सांगितलं. मला हे तिने फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसले. पोट धरून हसले. नवीन गोळ्या आणून देते म्हटलं, आणि मग लॅबमध्ये सुट्ट्यांचा घोळ झाला, आईचे डोळे दाखवायचे होते, राहून गेलं. दोन महिने गेले. नवऱ्याला सांगायचंही राहून गेलं. आज जरा थकलेत, उद्या त्यांची सुट्टी आहे, परवा सांगते. आणि मग बारकीला दिवस गेले.

बाईंनी तिला बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा सातवा आठवडा चालू होता. बाई फाइल घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "इतकं नीटनेटकं कुणी आणत नाही हो. साखर छान आहे. आधी कधी काही आजार?"

बारकीने तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "काही नाही. सगळं लग्नाआधीच तपासून घेतलंय." बारकी गप्प बसली. डॉक्टरांनी तरीही पहिल्या भेटीच्या नेहमीच्या तपासण्या लिहून दिल्या, त्यात साखरही होती. नियम तो नियम. बाई म्हणाल्या, "हिच्या बहिणीचीच लॅब आहे. घरचंच काम."

मंगळवारी सकाळी बारकी एकटी आली. चेहरा उजळलेला होता. मी रक्त घेतलं. ह्या वेळी तिचंच घेतलं, कारण मला खरा आकडा हवा होता. मशीनला काही मिनिटं लागतात. ती बाकावर बसून पोटावर हात ठेवून मला सांगत होती, की नवऱ्याने आतापासूनच लहान मुलांच्या चष्म्याच्या फ्रेमी बघायला सुरुवात केलीय, वेडाच आहे.

दहा पूर्णांक सहा.

मी डॉक्टर नाही, पण पंधरा वर्षांत कानावर पडलेलं कमी नसतं. बाळाचं हृदय, मेंदू, कणा हे सगळं पहिल्या सातआठ आठवड्यांत घडतं. बऱ्याचजणींना त्या वेळेपर्यंत आपल्याला दिवस गेलेत हेच नीट उमगलेलं नसतं. त्या आठवड्यांत आईच्या रक्तात साखर वाढलेली असेल तर घडण बिघडण्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो. नक्की बिघडतंच असं नाही. आणि साखर आधीपासून आटोक्यात ठेवली तर बहुतेक मुलं ठणठणीत होतात. आमच्या लॅबमध्ये बसवर कंडक्टर असलेली एक बाई यायची. पंधरा वर्षांची साखर, रोज इन्सुलिन घेणारी. मूल हवं ठरल्यावर तिने आधी डॉक्टर गाठले, सहा महिने साखर ताळ्यावर आणली, मग पुढचं. तिला दोन मुलं आहेत. दोन्ही आमच्या लॅबमध्ये येऊन खुर्च्या पाडतात. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

तो रिपोर्ट मी तीन दिवस खणात ठेवला. खरा दिला असता तर डॉक्टरांनी विचारलं असतं, पाचसहा महिन्यांपूर्वी पाच पूर्णांक दोन, आज दहा पूर्णांक सहा, हे कसं? मग बाईंनी विचारलं असतं. मग साहेबांनी. माझी नोकरी गेली असती, बारकी घरी परत आली असती, आई पदर तोंडाला लावून बसली असती. तीन दिवस मी हेच जुळवत बसले. पोटातल्या बाळाचा विचार केला नाही असं नाही. पण ते अजून दिसत नव्हतं, आणि बाकी सगळी माणसं रोज दिसत होती. चौथ्या दिवशी मी पाच पूर्णांक चार असं टाइप केलं. पहिलं खोटं प्रेमापोटी बोलले होते. दुसरं नुसत्या भीतीने.

आणि मग मी तिचा इलाज करायला निघाले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी. जुन्याच गोळ्या परत चालू केल्या, ह्या वेळी कंगव्याच्या डब्यात लपवून. फोनवर पथ्य सांगितलं. गोड बंद, भात अर्धा, जेवल्यावर फेऱ्या मार. इन्सुलिन लागेल हे मला कळत होतं, पण इन्सुलिन कंगव्याच्या डब्यात राहत नाही. आकडा खाली आला, पण आठाच्या खाली जाईना. मी स्वतःला सांगायचे, उतरतोय ना, मग झालं.

पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी होती. नवरा आणि बाई होतेच, पण बारकीने मलाही सोबत बोलावलं. डॉक्टर आधी गप्पा मारत होत्या, मग गप्प झाल्या. एकाच जागी यंत्र फिरवत राहिल्या. आम्ही लॅबवाले गप्प होतो तेव्हा काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मग आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. टेबलाच्या एका बाजूला बारकी, नवरा, बाई आणि मी.

बाळाच्या हृदयात मोठं भोक होतं आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेहुणा ते चित्र चष्मा काढून, पुन्हा घालून बघत होता. डॉक्टरांनी तिथल्या तिथे साखर तपासायला सांगितलं, आणि ते रक्त इस्पितळाच्या लॅबमध्ये गेलं. आकडा आला आठ पूर्णांक एक.

"लग्नाआधी कधी साखर निघाली होती?" त्यांनी बारकीला सरळ विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या आणि फाइल उघडली. "हे बघा, लग्नाआधीचा. आणि हा सातव्या आठवड्याचा."

बारकीने माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून तारखा बघितल्या. मग म्हणाल्या, "मग ही साखर नंतर, गरोदरपणात वाढलेली दिसते. हृदय त्याच्या आधीच तयार झालेलं असतं. तेव्हा साखर उत्तम होती. म्हणजे हे साखरेमुळे नसावं. दोन्ही घरांत कुणाला जन्मतः हृदयाचा आजार होता का?"

साखरेनेच झालं असं छातीठोकपणे मीही सांगू शकत नाही. चांगली साखर असलेल्या बायकांच्या मुलांनाही असं होतं. पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं होतं, आणि ज्या कागदावरून त्यांनी ठरवायचं तो कागद मी खोटा करून ठेवला होता. डॉक्टर हुशार होत्या. माझ्या आकड्यांवरून त्यांनी अगदी बरोबर, अगदी तर्कशुद्ध असा चुकीचा निष्कर्ष काढला.

मेहुणा हळूच म्हणाला, "आई, काका."

बाईंचा एक दीर होता. जन्मला तेव्हापासून ओठ निळे, चार वर्षांचा होऊन गेला. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणाला नीट माहीतही नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, असू शकतं, सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून ते घर एकाच दिशेला बघायला लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी चौथ्या खुर्चीत बसून बघितलं. बारकीला त्याच दिवशी इन्सुलिन सुरू झालं, राजरोस, सगळ्यांदेखत. बाई स्वतः टोचायच्या. बैल गेला आणि झोपा केला.

मुलगी झाली. वजनाने चांगली, डोक्यावर भरपूर केस. नाक माझ्यासारखं आहे असं सगळे म्हणाले. नखं निळी होती. नवव्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं, तेव्हा सात तास आम्ही बाकावर होतो. मग तिला नळ्या लावून काचेच्या पेटीत ठेवलं. मेहुणा रोज दुकान सुटल्यावर येऊन पेटीच्या काचेवर पडलेले हातांचे डाग पुसायचा, स्वतःच्या खिशातल्या दुकानाच्या कापडाने. अडतिसाव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मी बराच प्रयत्न केला.

सात महिन्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी, बाई आमच्या घरी आल्या. एकट्या. आई आणि मी दोघीच होतो. त्यांनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला, पण पाठ टेकवली नाही.

"माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "आधीच यायला हवं होतं."

आई म्हणाली, "अहो, कसली माफी?"

"आमच्या दिराची गोष्ट तुम्हाला लग्नाआधी सांगायला हवी होती. मुद्दाम लपवली नाही, पण आठवलीच नाही असंही म्हणवत नाही. मीच म्हटलं होतं ना, लपवाछपवी नको? आणि दोष आमच्याच घरात निघाला. तुमची मुलगी नाहक भोगतेय." त्यांनी पेला बाजूला सरकवला. "मुलाने ठरवलंय, आता मूल नको. त्याने ऑपरेशनची तारीख घेतलीय, गुरुवारची. आमच्या डॉक्टर म्हणाल्या वर्षभर थांबा, घाई नको. तर हा दुसरीकडे गेला. म्हणतो, माझ्यातलं हे पुढे न्यायचं नाही."

"आणि बारकी?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? म्हणाली, करून टाका."

मी ऐकत होते. बारकी अजून तिशीचीही नाही. आता इन्सुलिनवर तिचा आकडा सहावर आहे, मला माहीत आहे, दर महिन्याला मीच तपासते. ह्या घडीला तिला मूल झालं तर ते ठणठणीत होण्याचीच शक्यता जास्त. तिलाही ते माहीत आहे, मीच सांगितलंय. तरी ती म्हणाली, करून टाका. खरं सांगण्यापेक्षा तिला जन्मभर रिकामं राहणं सोपं वाटलं. हे तिला शिकवलं कुणी? आम्हीच.

तेवढ्यात आईने बाईंच्या हातावर हात ठेवला.

"असू द्या," आई म्हणाली. "झालं ते झालं. आम्ही मनात काही ठेवलेलं नाही."

माझ्या आईने त्यांना माफ केलं. अगदी मोठ्या मनाने. आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तोवर वाटायचं, की लाज ही हळूहळू चढत जाणारी गोष्ट असते. तसं नाही. मला त्या क्षणी स्वतःची आणि आईची इतकी किळस आली की मी उठून उभीच राहिले.

"बाई, तुमच्या फाइलमधले ते दोन्ही रिपोर्ट खोटे आहेत," मी म्हटलं. "पहिल्यातली साखर माझी आहे. बारकीला लग्नाआधीपासून आजार होता. दुसऱ्यात मी मनाने आकडा लिहिला. सातव्या आठवड्यात तिची साखर दहाच्या वर होती."

आई म्हणाली, "वेड लागलंय का तुला?"

बाई हलल्या नाहीत. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या. मग एकेक पायरी तपासायला लागल्या.

"तुमच्या बहिणीला हे माहीत होतं?"

"हो."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही दोघी तिथेच होतात."

"हो."

"त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या?"

"साखरेच्या."

त्यांनी मान हलवली, जणू एवढं एकच गणित जुळायचं राहिलं होतं. मग आई बोलायला लागली. मुलीच्या जातीचं कसं असतं, बाप नसलेल्या घराचं कसं असतं, मोठीचं काय झालं. शेवटी म्हणाली, "तुम्हीच सांगा, खरं सांगितलं असतं तर करून घेतली असती सून?"

"नाही," बाई म्हणाल्या. "उगाच चांगुलपणा कशाला दाखवू? नकार दिला असता." त्यांनी पदराने डोळे कोरडे केले. "पण नकाराने कुणाच्या काळजाला भोक पडत नाही."

त्या उठल्या. मला म्हणाल्या, "चला. माझ्या मुलाला हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आणि आजच."

आई माझ्या दंडाला धरून कुजबुजत होती, नोकरी जाईल, बारकीचा संसार मोडेल. मी तिचा हात सोडवला. रस्ताभर बाई माझ्या दोन पावलं पुढे चालत होत्या. एकदाही मागे वळल्या नाहीत.

मेहुणा घरीच होता. खिडकीशी बसून एक फ्रेम सरळ करत होता. बारकी त्याच्या समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बाईंच्या मागे दारात बघून तिच्या हातातला कपडा तसाच राहिला. तिला कळलं. ती नाही म्हणून मान हलवत होती, अगदी लहान असताना शाळेच्या दारात हलवायची तशी. मी सगळं सांगितलं. बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. कुठेही "तिच्यासाठी केलं" असं म्हटलं नाही. तेवढं एक मला जमलं.

तो ओरडला नाही. त्याने फ्रेम खिडकीत ठेवली, चष्मा काढला, आणि चष्म्याशिवाय त्याला काय दिसत होतं कोण जाणे, पण तो बारकीकडे बघत राहिला.

"ताई," तो मला म्हणाला, नजर तिच्यावरच ठेवून, "सात महिने मी रोज हिची माफी मागतोय. रोज झोपायच्या आधी. आणि ही रोज माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणते, असू दे, तुझा काय दोष."